उसाची उंची

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझा नवरा साताऱ्याच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर बसला. कारकून पाणी आणायला गेला. तो पाणी घेऊन आला तेव्हा माझा नवरा गेला होता.

त्या दिवशी त्याची तीन कामं बोर्डावर होती. तिन्ही कामांना पुढची तारीख पडली.

तो फौजदारी वकील होता. खून, खुनाचा प्रयत्न, गंभीर दुखापत, दरोडा असल्या आरोपांत सापडलेल्या माणसांच्या बाजूने तो तीस वर्षं उभा राहिला. लग्नाकार्यात कोणी ना कोणी त्याला पंगतीत विचारायचंच, "अहो, खुनी माणसांना तुम्ही कसं काय सोडवता?" तो भात कालवत म्हणायचा, "आधी तो खुनी आहे का ते ठरू दे, मग सांगतो." आणि भाताकडे लक्ष द्यायचा.

कागदोपत्री मीही वकील आहे. आमच्या वकीलपत्रांवर दोन नावं असत, वर त्याचं आणि खाली माझं. पण सव्वीस वर्षांत मी कोर्टात तारीख मागण्यापलीकडे तोंड उघडलं नव्हतं. त्याला कारण होतं. सनद मिळाल्यावर पहिल्याच वर्षी एका मारामारीच्या खटल्यात मी उलटतपासणी घेतली. बरी चालली होती. साक्षीदार गोंधळला होता. तिथे मी खाली बसायला हवं होतं. मी आणखी एक प्रश्न विचारला, "मग तुम्हाला हे आधी का नाही सांगावंसं वाटलं?" त्याने कारण सांगितलं, ते खरं होतं आणि सगळ्या कोर्टाला पटलं. आमच्या पक्षकाराला सात वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर मी ऑफिसच्या आतल्या खोलीत बसून फायली वाचू लागले. वाचायची मला लहानपणापासून सवय. मी वाचायचे, टिपणं काढायचे आणि तो बोलायचा. आम्हा दोघांनाही ते सोयीचं होतं.

तेराव्यानंतर कारकुनाने फायलींची यादी केली. तो आमच्याकडे लग्नाआधीपासूनचा. कोणतं काम कोणत्या वकिलाकडे जाईल ते त्याने समोर लिहिलं होतं. पक्षकार येत, हात जोडत, फाइल घेऊन जात. मी हरकत नसल्याच्या कागदावर सह्या करत होते. आठवडाभरात कपाट रिकामं झालं. एकच फाइल उरली, कडेगाव तालुक्यातल्या खुनाची.

त्या आरोपीची आई आली. कडेगावहून कराड, कराडहून सातारा, एसटी बदलून. पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला, हातात कापडी पिशवी. बसायला सांगितलं तरी बराच वेळ ती उभीच होती.

"बाई, मला दुसरा वकील नगं," ती म्हणाली.

"मावशी, मी कोर्टात उभी राहत नाही."

"राहत न्हाई, का राहता येत न्हाई?"

तिने पिशवीतून वकीलपत्राची झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली. "सायबांच्या खाली ह्ये नाव कुणाचं हाय? मला वाचता येत न्हाई, पर मी वाचून घेतलंय."

कारकून मधे पडला. "मावशे, नाव आपलं असतंय. लग्नपत्रिकेवर न्हाई का, खाली सगळ्या भावकीचं छापत्यात."

"पत्रिकेवर नाव असलं म्हंजी माणूस लग्नाला येतोच की रं," ती म्हणाली.

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. नवरा गेल्यानंतर मला पहिल्यांदा हसू आलं, आणि ते आल्याची मला लाज वाटली. मी फाइल ठेवून घेतली.

*

खटला थोडक्यात असा होता. तिचा मुलगा गावाच्या स्टँडवर मोटारी भरायचा, म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत तांब्याची नवी तार घालून त्या पुन्हा चालू करायचा. गावात त्यांची मुसलमानांची तीन घरं. बापही हेच करायचा. मुलाने एका शेतकऱ्याची मोटार भरून दिली आणि ती चार दिवसांत पुन्हा जळाली. स्टँडवर दहा माणसांसमोर दोघांची जुंपली. "तुझ्या हिरीतच टाकतो तुला," असं हा रागाच्या भरात बोलला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो शेतकरी बांधावर पडलेला सापडला. मानेवर कोयत्याचे घाव होते.

पोलिसांनी संध्याकाळी याला उचललं. दुकानामागून एक कोयता जप्त केला. आमच्याकडे कोयता नाही असं घर शोधावं लागेल, पण त्याच्यावर रक्ताचा डाग होता. रक्त कोणत्या गटाचं ते तपासणीत कळलं नाही. जप्तीचा पंच हा पोलीस ठाण्यासमोरचा चहावाला निघाला. "पाणी टाकलं हुतं उकळायला, म्हणून गडबडीत सही केली," असं त्याने माझ्या नवऱ्याला भर कोर्टात सांगितलं. कोयत्याचा पुरावा तिथेच ढिला झाला. डॉक्टरांची साक्षही माझ्या नवऱ्याने संपवली होती. हा त्या दुपारी दुसऱ्या गावच्या विहिरीवर मोटार काढायला गेला होता असं सांगत होता, पण त्या विहिरीचा मालक आधी हो म्हणाला आणि नंतर म्हणाला, दिवस नक्की आठवत नाही.

आता दोनच साक्षी राहिल्या होत्या. शेवटची तपास अधिकाऱ्याची. आणि तिच्या आधी, दोन वेळा समन्स जाऊनही न आलेल्या डोळ्यांनी पाहणाऱ्या साक्षीदाराची. तो मयताच्या भावकीतला. त्याचं म्हणणं, मी माझ्या विहिरीवर होतो, ओरडा ऐकला, पाहिलं तर हा कोयत्याने मारत होता. सगळा खटला त्या एका माणसाच्या डोळ्यांवर उभा होता. त्याचं म्हणणं टिकलं तर जन्मठेप. मुलगा दोन वर्षं नऊ महिने सांगलीच्या तुरुंगात होता. जामीन दोनदा नाकारला गेला होता.

मी फाइल पुन्हा वाचायला घेतली. घरात करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. त्या साक्षीदाराच्या जबाबाच्या कडेला माझ्या नवऱ्याचं पेन्सिलीचं अक्षर होतं: "मधे याचाच ऊस. किती उंच?" आणि प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलेलं.

तो प्रश्न मला माहीत होता, कारण त्याच्यामागे आम्ही दोघं धावलो होतो. साक्षीदाराची विहीर आणि मयत पडला तो बांध यांच्यामध्ये साक्षीदाराचं स्वतःचं शेत आहे. त्या साली त्यात ऊस होता. ऊस मोठा असेल तर विहिरीवरून बांध दिसणार नाही. पण कागद कुठे? सातबारावर नुसतं "ऊस" असं लिहिलं होतं. साखर कारखान्यात नोंद असती तर लागणीचा महिना कळला असता, पण त्याने त्या साली ऊस कारखान्याला घातलाच नव्हता, गुऱ्हाळाला दिला होता. पंचनाम्यात पोलिसांनी "लगत शेत" एवढंच लिहिलं. आम्ही ती जागा बघायला गेलो तेव्हा शेतात हरभरा होता, घोट्याएवढा. विहिरीवर उभं राहिलं की पार पलीकडच्या टेकाडावरची शेळी मोजता येत होती. माझा नवरा तिथे बराच वेळ उभा होता. "त्या उसाची उंची आता फक्त एका माणसाच्या डोक्यात आहे," तो म्हणाला, "आणि तो आपल्याला ती सांगणार नाही."

त्याला सरळ विचारलं तर तो "कमरेएवढा" म्हणेल, आणि ते खोडायला आमच्याकडे चिठोरंही नसेल.

*

सांगलीला पहिल्या तारखेला मी गेले ती माझा जुना गाऊन घेऊन. त्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता. माझ्या नवऱ्याचा गाऊन खुंटीला होता, पण तो घालायला माझं मन झालं नाही. न्यायाधीश रजेवर होते. पुढची तारीख घ्यायला मी उभी राहिले तर तारखा देणारे पेशकार म्हणाले, "मॅडम, काय म्हणालात?" मी परत सांगितलं. ते परत म्हणाले, "काय?" तारीख मिळाली. पोलिसांच्या गराड्यात मागच्या बाकावर बसलेला आमचा आरोपी हे सगळं बघत होता. बाहेर नेताना तो माझ्यापाशी क्षणभर थांबला. बारीक झाला होता.

"बाई," तो म्हणाला, "मागं काय ऐकू येत न्हाई. जरा जोरात बोला. माझाच निकाल मलाच कळायचा न्हाई." आणि हसला. हवालदारही हसला.

कराडची गाडी दुपारी होती. मी कोर्टाच्या आवारात झाडाखालच्या बाकावर पुस्तक उघडून बसले. पलीकडच्या बाकावर दोन माणसं येऊन टेकली. एक होता तो डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार. सकाळी एका हवालदाराने मला तो लांबून दाखवला होता. तो मला ओळखत नव्हता. पांढरी टोपी, दंडाला ताईत, धिप्पाड. दुसरा कोणी कवठे महांकाळकडचा होता, जमिनीच्या दाव्यासाठी आलेला. त्यांचं बोलणं सुरू झालं ते, शेतकऱ्यांचं होतं तसं, पिकावरून.

"आमच्याकडं आता पाणी आलंय. अवंदा ऊस लावलाय दीड एकर," दुसरा म्हणाला. "बरा आलाय."

"बरा म्हंजी?"

"छातीला लागतोय की."

"किती महिन्यांचा?"

"नऊ झालं."

साक्षीदार असा हसला की झाडावरचा कावळा उडाला. "नऊ महिन्यांत छातीला? गड्या, त्याला ऊस म्हणत न्हाईत. त्ये गवत हाय. म्हशीला घाल."

"आवं, पयलाच हाय आमचा."

"पयला असू दे न्हाईतर दहावा. माझ्या रानात ये कवातरी. माझ्या उसात आत गेलेली म्हैस दोन दिस सापडली न्हवती. तिसऱ्या दिशी धार काढाय दुसऱ्याच माणसाकडं गावली."

मी पुस्तकाचं पान उलटलं. त्यावर काय छापलं होतं ते मला सांगता येणार नाही.

कराडपर्यंत खिडकीतून दोन्ही बाजूंना ऊसच होता, आणि मला माझे वडील आठवत होते. आमचं माहेर कोरेगाव तालुक्यातलं. वडील शांत माणूस. कोणी शिवी दिली तरी तंबाखू मळत राहायचे. मला पाहायला एकदा एका बड्या घरचे लोक आले होते. पोहे झाले, बोलणी जवळजवळ ठरली. मुलाचे चुलते रानात फिरून आले आणि सहज म्हणाले, "ऊस जरा बसलाय की ओ यंदा तुमचा, वाढला न्हाई." वडील पाहुण्यांना स्टँडपर्यंत सोडून आले, आईला म्हणाले, "त्या घरात पोरगी द्यायची न्हाई." आईने डोक्याला हात लावला. मामांनी समजूत घातली. वडिलांनी मामांना हाताला धरून रानात नेलं आणि उसापुढे उभं केलं. "बसलाय? ह्यो बसलाय?" त्यानंतर दोन वर्षांनी मी कायद्याच्या वर्गातल्या मुलाशी, साताऱ्याच्या पेठेत वाढलेल्या, ऊस आणि ज्वारी लांबून न ओळखणाऱ्या मुलाशी लग्न केलं.

माझ्या नवऱ्याला ही गोष्ट मी अनेकदा सांगितली होती आणि तो दर वेळी हसला होता. पण तो शहरातला. त्याच्यासाठी ती गंमत होती. उसाबद्दल कोणी वाईट बोललं की आमच्या लोकांच्या आत काय होतं, ते त्याने कधी घरातून पाहिलेलं नव्हतं.

मी पिशवीतून पेन्सिल काढली. त्याच्या प्रश्नचिन्हाखाली पहिल्यांदाच स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "विचारायचं नाही. उसाला नावं ठेवायची."

*

साक्षीच्या दिवशी साक्षीदार नवी टोपी घालून आला होता. सरकारी वकील हुशार आणि टापटीप गृहस्थ होते. त्यांनी सरतपासणी व्यवस्थित घेतली. विहीर, ओरडा, आरोपी, कोयता. उसाबद्दल त्यांनी स्वतःच एक प्रश्न विचारून ठेवला, "मधे पीक होतं, पण तुम्हाला दिसत होतं?" "व्हय. सगळं दिसत हुतं," साक्षीदार म्हणाला. न्यायाधीशांनी ते सांगितलं, टंकलेखकाने संगणकावर घेतलं.

मी उभी राहिले. मागे भिंतीला टेकून मावशी आणि कारकून बसले होते. दुसऱ्या बाजूला मयताची बायको होती, माझ्यापेक्षा बरीच लहान. ती प्रत्येक तारखेला येत असे, हे मला माझ्या नवऱ्याने सांगितलं होतं.

मी पहिला प्रश्न विचारला. न्यायाधीश म्हणाले, "मॅडम, जरा मोठ्याने."

मी परत विचारला. साक्षीदार कानाला हात लावून म्हणाला, "बाई काय म्हणत्यात, ऐकू येईना." मागे कोणी हसलं. त्याला वाटलं असावं, विधवा बाई आहे, नवऱ्याची जागा चालवायला आलीय. तो जरा वाकून प्रेमाने म्हणाला, "इचारा, इचारा. घाबरू नगा."

"तुमची विहीर आणि तो बांध यांच्यामध्ये तुमचंच रान आहे?"

"माझंच."

"त्यात ऊस होता."

"हुता."

"त्या साली पाणी कमी पडलं होतं तुमच्या विहिरीला."

तो सावरून उभा राहिला. "आमच्या हिरीला? न्हाई. कवाच न्हाई पडत."

"मग हुमणीची कीड लागली असेल उसाला."

"न्हाई लागली."

"खत वेळेवर घातलं नसेल."

सरकारी वकील उठले. "साहेब, हरकत आहे. हा शेतीशाळेचा वर्ग नाही."

"दोन प्रश्न आहेत फक्त," मी म्हणाले. न्यायाधीशांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मान हलवली.

साक्षीदाराच्या मानेवरची शीर वर आली होती. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. कागदाकडे पाहत, वाचून दाखवावं तशा आवाजात म्हणाले, "त्या साली अख्ख्या शिवारात तुमच्याइतका खुरटा ऊस कुणाचाच नव्हता. गुडघ्याएवढा होता. म्हणून तर तुम्हाला पलीकडचं दिसलं."

या प्रश्नाला त्याने नुसतं "व्हय" म्हटलं असतं तर आमचा खटला संपला होता. मला ते माहीत होतं. त्या एका क्षणात मला मारामारीच्या खटल्यातला माझा पक्षकार दिसला, सात वर्षांची शिक्षा ऐकताना हात जोडून उभा असलेला.

"कुणी सांगितलं तुमास्नी?" साक्षीदार ओरडला.

"असं म्हटलं तर ते खरं आहे ना?"

"खोटं हाय! कुणी सांगितलं त्याचं नाव सांगा! आडसाली लागण हुती माझी. आदल्या आषाढात लावलेली. चवदा महिन्यांचा ऊस गुडघ्याएवढा असतोय व्हय, सायेब? दोन पुरुष उंच हुता! हात वर करून माणूस उभा केला तर बोटं दिसायची न्हाईत. गुऱ्हाळवाला तोडाय आला तवा टोळीतली बाई म्हणली, मालक, ह्यो ऊस न्हवं, बांबूचं बन हाय. गुडघ्याएवढा म्हणत्यात! आमच्या घराण्यात न्हाई आला कवा गुडघ्याएवढा!"

न्यायाधीश माझ्याकडे पाहत होते. मला आणखी एक प्रश्न सुचला, अगदी ओठांवर आला. दोन पुरुष उंच उसातून तुम्हाला दिसलं कसं? तो विचारायचा मोह किती मोठा असतो ते ज्याने कधी कोर्टात उभं राहून पाहिलंय त्यालाच कळेल.

"झालं माझं, साहेब," मी म्हणाले, आणि खाली बसले.

न्यायाधीशांनी शब्द सावकाश सांगितले. "घटनेच्या वेळी माझे शेतातील ऊस पीक चौदा महिन्यांचे व दोन पुरुष उंचीचे होते. हात वर करून उभा असलेला माणूस त्यात दिसत नसे." टंकलेखकाची बोटं चालली. इतक्या वर्षांत कुठल्याही कागदावर न सापडलेली उंची अशी कागदावर आली.

सरकारी वकिलांना फेरतपासणीचा हक्क होता. ते घाईने उठले. "उसाच्या दोन सऱ्यांमधून तुम्हाला पलीकडचं दिसत होतं, बरोबर?"

"उत्तर सुचवू नका," न्यायाधीश म्हणाले.

"बरं. सऱ्यांमधून काय दिसत होतं?"

साक्षीदाराने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्याचं भांडण अजून माझ्याशीच चाललं होतं. तो माझ्याकडे बोट करून म्हणाला, "सऱ्यांतनं? माझ्या उसात वारं शिरत न्हवतं!"

मागून एक आवाज आला, कोणाचं तरी दाबलेलं हसू सुटल्यासारखा. नंतर कारकून म्हणाला तो त्याचा नव्हता. न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "माझे उसात वारे शिरत नव्हते," त्यांनी सांगितलं. सरकारी वकील बसले.

साक्ष छापून आली तेव्हा साक्षीदार सही करायला वाकला. सही अर्धी करून तो थांबला. वर पाहिलं. माझ्याकडे, मग मयताच्या बायकोकडे. त्याच्या तोंडावरचा राग गेला होता. त्याने उरलेली सही केली.

*

तपास अधिकाऱ्याची साक्ष पुढच्या महिन्यात झाली. त्या वेळी माझा आवाज पहिल्या प्रश्नालाच मागच्या बाकापर्यंत पोचला. प्रश्न माझ्या नवऱ्याचे होते, पेन्सिलीने लिहून ठेवलेले, आणि मी ते जसेच्या तसे वाचले. "साक्षीदार जिथे उभा होता म्हणतो, तिथे तुम्ही स्वतः उभे राहून पाहिलंत का?" "नाही." "मधल्या पिकाची उंची मोजलीत का?" "नाही." तिथे त्याची टिपणं संपली होती. मी बसले.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी शेवटचा भाग तेवढा वाचला. निर्दोष मुक्तता. निकालपत्राच्या मधल्या एका परिच्छेदात साक्षीदाराचं ते वाक्य जसंच्या तसं आहे. मी ते नंतर घरी वाचलं, मोठ्याने, रिकाम्या घरात.

कोर्टात मात्र पहिली काही सेकंदं काही झालं नाही. आरोपी पिंजऱ्यात उभाच. मग त्याने विचारलं, "काय म्हणलं? सुटलो?" हवालदार म्हणाला, "सुटलास रं, जोरात म्हणलं की ह्या टायमाला." मावशी जमिनीवर बसली आणि पदरात तोंड खुपसून रडली. कारकून तिला उठवायला गेला आणि स्वतःच तिच्याशेजारी खाली बसला. त्याने माझ्या नवऱ्याची फाइल छातीशी धरली होती. मी दोघांना हात देऊन उठवलं. मी त्या दिवशी रडले नाही. पायऱ्या उतरताना माझी मान ताठ होती, हे मला माहीत होतं, आणि ती मी ताठच ठेवली.

पायऱ्यांच्या तळाशी मयताची बायको उभी होती. मला वाटलं ती शिव्या देईल. तिने विचारलं, "मग कुणी मारलं ओ बाई माझ्या मालकाला?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. ते खरं होतं आणि आजही आहे. पुन्हा तपासाची मागणी करता येते, अर्ज कसा करायचा ते मी तिला सांगितलं. नको असेल तर फेकून द्या म्हणून कागदावर लिहूनही दिलं. तिने कागद घडी करून कंबरेला खोचला. पुढच्या महिन्यात ती साताऱ्याला आली. तो अर्ज मी लिहिला.

सुटल्यावर चौथ्या दिवशी मोटारवाला आईला घेऊन आला. तुरुंगातून आलेली माणसं आभार मानताना अवघडतात, तसा अवघडून ऑफिसच्या दारात उभा राहिला. आईने मोहरमच्या ताबुतांना कडेगावला यायचं आमंत्रण दिलं. "न्हाई म्हणायचं न्हाई. आता तुमी आमच्या पत्रिकेतल्या," ती म्हणाली. त्याने माझ्या नवऱ्याच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग टेबलावरच्या पंख्याकडे. तो पंखा दोन उन्हाळे बंद होता. माझा नवरा दर उन्हाळ्यात तो दुरुस्तीला टाकायचं म्हणायचा.

"ह्यो जळालाय," तो म्हणाला. "बाई, ह्यो न्हेऊ का?"

"अरे, त्याची मोटार चार दिवसांत पुन्हा जळली तर?" कारकून म्हणाला.

तो दचकला. मग आम्ही चौघंही हसलो. मावशी सगळ्यांत जास्त.

मी नवऱ्याची खुर्ची हलवलेली नाही. शेजारी माझी ठेवली आहे. कपाटात आता नऊ फायली आहेत, पाच साताऱ्याच्या, चार सांगलीच्या. वकीलपत्रावर एकच नाव असतं. मोटारवाल्याचं दुकान त्याच्या गावाच्या स्टँडवर उघडं आहे. पंखा तिसरा उन्हाळा चालू आहे.